लाल फिती

किनाऱ्याचा रस्ता रुंद होणार होता. "वाचवायच्या झाडांना खूण करून ठेवा, बाकी आमच्यावर सोडा," असं बांधकाम खात्याचे साहेब फोनवर म्हणाले आणि वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त बाई सकाळीच लेकीच्या गाडीतून निघाल्या. दर वळणावर "थांब गं, थांब!" करत त्यांनी इथल्या मातीतल्या एकूण एक उंडीला, करंजाला लाल फीत बांधली. लांबूनही दिसायला हवी ना!

दुपारी परतताना लेक म्हणाली, "आई, करवतीचा आवाज येतोय." बाईंनी गाडी थांबवायला लावली. बाहेरून आणून लावलेली सुरूची झाडं तेवढी ताठ उभी होती. उंड्या आणि करंज फितींसकट आडवे झाले होते.

मुकादम हात जोडत पुढे आला. "फिती तुम्हीच बांधल्यात ना, बाई? 

फार उपकार झाले. तोडायच्या झाडांवर मारायचा आमचा लाल रंग कालच संपला होता."