मुठीचा डबा

"आई, मुठीचा डबा रिकामा? देवाचं पीठ कुणाला दिलंस?" मी ओरडलोच. रोज भाकऱ्या करताना आई चर्चसाठी एक मूठ पीठ बाजूला काढते, रविवारी तेच अर्पण.

"देवालाच दिलंय. चल, दाखवते."

ती घुले गुरुजींच्या घरात शिरली. ह्याच माणसानं मला खोटंच चोर ठरवून शाळेतून काढलं होतं. आता लकव्यानं अंथरुणात पडलेला. आई त्याच पिठाची भाकरी दुधात कुस्करून भरवत होती, पदरानं त्याची लाळ पुसत होती. प्रार्थनेत असतो ना, अगदी तसाच तिचा चेहरा. मी बघतच राहिलो.

मला बघून गुरुजी रडायला लागले. ओठावर आलेली शिवी माझ्या तोंडातून निघालीच नाही.

तेव्हापासून त्यांचं पाणी मी भरतो. नळ आठलाच जातो, निघतो आता.