दारातलं बोलणं

कुसुमताईंच्या ओघळलेल्या पोटाच्या घडीखाली चिघळलेली जखम डॉक्टर रेणुका बोधनकरांनी नुकतीच स्वतः पुसली होती. पण ती लोंबती कातडी काढायच्या ऑपरेशनची नोंद करणं आता डॉक्टरांच्या हातात राहिलं नव्हतं. खोलीतलं यंत्र पेशंटचं बोलणं ऐकून ऑपरेशनचा विम्यासाठीचा कोड ठरवायचं, आणि एकदा ठरलेला कोड कुणालाच बदलता येत नसे.

"त्रास होतो ना फार?" रेणुकानं मुद्दाम विचारलं.

कुसुमताईंनी सोबत आलेल्या दिराकडे पाहून पदर सावरला. "छे, तसं काही नाही. साडी नीट बसेल, एवढंच."

पडद्यावर कोड उमटला: सौंदर्यासाठी, विमा लागू नाही.

दीर पुढे गेल्यावर ताई दारात घुटमळल्या. "इतकी आग होते हो, चालवत नाही. लवकरची तारीख द्या."

रेणुकानं वळून पडद्याकडे पाहिलं. यंत्र केव्हाच बंद झालं होतं.