डब्याच्या खालची बाजू

सुकलाल महाजनांच्या गोठ्यामागे तो डबा खरोखरच होता. नंदकुमारांनी छत्री मिटली आणि लांबूनच पाहिला. लोखंडी सांगाडा, लाकडी फळ्या, छपराला हलकी कमान. युद्धाच्या काळातला मालगाडीचा बंद डबा, यात शंका नव्हती. पण त्याला चाकं नव्हती. डबा विटांच्या ओट्यावर बसवलेला होता आणि आत म्हशींसाठी कडबा भरला होता.

"चाकं, दांडे, खालचं सगळं रेल्वेनं लिलावाच्या आधीच काढून घेतलं होतं, सर," सुकलाल म्हणाला. "आम्हाला तर नुसतं खोकं भेटलं."

नंदकुमार तिथेच एका दगडावर बसले. चांदनी स्टेशनपासून चालत आल्यामुळे गुडघा ठणकत होता. वय एकाहत्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गेली चार वर्षं शहरातल्या शनवारा भागातल्या घरी, पुढच्या खोलीतल्या टेबलावर, ते १९४३ सालचं चांदनी स्टेशन तयार करत होते. वीतभर उंचीचा सिग्नल, तेवढेच लांब डबे, सगळं मापात. वरची बाजू जुन्या फोटोंतून मिळाली होती. खालची बाजू कुठल्याच फोटोत नव्हती. त्यासाठी ते तीनदा भुसावळला जाऊन आले. दोन कार्यालयांना पत्रं लिहिली. एकाचंच उत्तर आलं, नोंद उपलब्ध नाही. आज निघताना त्यांची बायको सुलभा म्हणाली होती, "पालथं करून कोण बघणार आहे तुमचं?" तेव्हा त्यांना राग आला होता. आता वाटलं, खरंच आहे तिचं.

"मला खालचंच पाहिजे होतं," ते म्हणाले. "फळ्या आडव्या की उभ्या, ब्रेकचा दांडा कुठून जातो. बस, एवढंच."

"फळ्या आडव्या."

आवाज लिंबाखालच्या बाजेवरून आला होता. तिथे सुकलालची आई पडून होती. मालूबाई. नव्वदी ओलांडलेली.

"मधून जाड दांडा," ती म्हणाली. "अन् त्याच्या बाजूनं पाईप. उठायला गेलं का डोकं लागे त्याले."

सुकलाल हसला. "आई, तुला काय मालूम?"

ती हळूहळू उठून बसली. काठी घेतली आणि बाजेवरूनच मातीत रेघा ओढू लागली. दोन लांब, त्यांच्यामध्ये आडव्या, एक तिरपी. एकही रेघ चुकत नव्हती. नंदकुमारांनी वही काढली आणि भराभर उतरवून घेऊ लागले. शेवटी तिने एका फळीत छोटासा गोल काढला.

"हे काय, मावशी?"

"भोक."

"कसलं भोक?"

"माह्या बापानं पाडेल. गिरमिटानं."

तिचा बाप चांदनी स्टेशनवर हमाल होता. त्याच १९४३ साली गावात ज्वारी मिळत नव्हती आणि फौजेच्या ज्वारीने भरलेला डबा बाजूच्या रुळावर पंधरा दिवस उभा होता. पोती त्यानेच चढवली होती. दारांना सील लावलं होतं. घरात तान्हं मूल होतं आणि आईला दूध येत नव्हतं. मग त्याने डब्याखाली शिरून फळीला भोक पाडलं, त्यात बुचासारखी खुटी बसवली. मोठं माणूस खाली शिरलं तर दिसायचं, म्हणून रोज दुपारी तो मालूला पाठवायचा. ती नऊ वर्षांची होती.

"मी उताणी झोपू. खुटी काढू, फडकं धरू. दाणे तोंडावर पडत. शिपायाचे बूट दिसले का अंगठा लावून ठेवू." तिने अंगठा वर धरून दाखवला. "मंग एक दिवस फडक्याची गाठ सुटली. मले समजलंच नाही. रुळापासून घरापर्यंत दाण्यांची रेघ पडली. तिच्यामागं चालत आले ते."

सुकलाल हसायचा थांबला होता.

"बापानं सांगितलं, मीच आणली. माह्यं नाव नाही घेतलं. आठ महिन्यांनी सुटला. तोवर ते लेकरू गेलं व्हतं. आल्यावर मले कधी रागावला नाही. एकदा बी नाही."

हे ती तक्रार केल्यासारखं म्हणाली.

सुकलाल डब्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षांत त्यातून कडब्याची एक पेंढीही आईने कधी काढली नव्हती. सापाला भिते, असं तो समजत आला होता.

"आई, हे तू कधी बोलली नाही."

"डब्याच्या खालचं कोणी इचारलंच नाही."

नंदकुमारांनी वहीकडे पाहिलं. फळ्या, दांडा, पाईप, चार वर्षं हवं होतं ते सगळं कागदावर होतं. फक्त तो गोल त्यांनी अजून काढला नव्हता. पेन्सिल त्या जागेवर टेकली आणि थांबली.

"मावशी," त्यांनी विचारलं, "माझ्या डब्याला हे भोक पाडू का?"

मालूबाईने काठी बाजेला टेकवून ठेवली.

"तुह्या डब्यात ज्वारी हाय का?"

"नाही. रिकामाच आहे तो."

"मंग भोक काय करशीन?" ती बाजेवर पुन्हा आडवी होत म्हणाली. "दार उघडं ठेवजो."