मधली जागा

लहानगी लेक गेली आणि त्याला घर खायला उठू लागलं, म्हणून तो परदेशातल्या एका आश्रमात मौन शिबिराला आला. आपलं दुःख त्याने तिथे कुणाच्याही कानावर घातलं नव्हतं.

ध्यानाला बसताना शेजारच्या वयस्कर मराठी बाई रोज आपलं आसन जरा सरकवून दोघांच्या मधे जागा सोडत.

शेवटच्या सकाळी मौन सुटलं. "मावशी, ही जागा कुणासाठी हो?" त्याने सहज विचारलं.

"अहो, तुमच्या मुलीसाठी. गुणाची पोर आहे. पण मौन आपल्या मोठ्यांना, लेकराला कसलं? ती रोज 'बाबा, बाबा' करायची आणि तुम्ही एकदाही वळून पाहिलं नाहीत."



बाईंनी रिकाम्या जागेकडे पाहिलं. "आता तरी बोला तिच्याशी," त्या हळूच म्हणाल्या. "बघा, रडायला लागली."