पहिला मित्र परत न येणारं पुस्तक

तो चौथं पुस्तक खाली ठेवेपर्यंत दुकानवाल्या बाईंनी त्याच्या पदरात काय काय पडणार याचा हिशेब मांडून टाकला होता. मांडलेला संसार, घरात वावरणारी बायको, आणि वर एक चार वर्षांची आयती मुलगी. एक दुपटं न धुता, एक रात्र न जागता. सौदा वाईट नव्हता.

लहान मुलांच्या पुस्तकांच्या दुकानात माणूस ओळखायला वेळ लागत नाही, असं बाईंचं ठाम मत होतं. आजोबा अक्षरं मोठी आहेत का ते बघतात. मावश्या चित्रांवर भाळतात. आणि दुसऱ्याच्या मांडलेल्या घरात शिरणारे पुरुष प्रेमाची आणि मैत्रीची पुस्तकं मागतात. यानं तीच मागितली होती, तीही धड आत न येता, एक पाय पायरीवर ठेवून.

आता तो कपाटापुढे येरझारा घालत होता.

"घाई आहे का?" बाईंनी विचारलं.

"रविवारपर्यंत हवीत. गेल्या रविवारी भेट ठेवली होती, तर ती पलंगाखाली जाऊन बसली. किती विनवण्या केल्या, बाहेर आलीच नाही. या रविवारी तसं होऊन चालणार नाही, ताई."

"आणि घरी काय म्हणतात? तिच्या आईला बरोबर आणायचं, म्हणजे निवडायला सोपं गेलं असतं."

"ती यायला तयार नाही. सकाळपासून डोळे पुसत बसलीय."

बाईंनी गिफ्टचे कागद कापत बसलेल्या नणंदेकडे पाहिलं. नणंदेनं भुवया उडवल्या. दोघींचं या घराबद्दलचं मत तिथेच पक्कं झालं.

बाईंनी एक पुस्तक काढून दिलं. जंगलातल्या सशाकडे एक अस्वल राहायला येतं. ससा आधी रुसतो, मग दोघं मिळून मध खातात.

त्यानं भरभर पानं उलटली. "अस्वलाऐवजी कुणी दाढीवाला नाही का? बोकड वगैरे?"

"का, दाढी वाढवताय?" बाईंनी त्याच्या गुळगुळीत हनुवटीकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. त्याला हसू आलं नाही.

बोकडाचंही पुस्तक निघालं. बाईंचा एक नियम होता. घेणाऱ्यानं ठेंगण्या स्टुलावर बसून एक पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. जे पुस्तक तोंडात बसत नाही ते घरी जाऊन धूळ खातं. कित्येक गिऱ्हाईकं या नियमाला लाजून पळाली होती. हा मात्र निमूट बसला. पुस्तक त्यानं स्वतःपासून लांब, थोडं डावीकडे कलतं धरलं आणि बोकडाच्या आवाजात असा काही बोलला की नणंदेची कात्री थांबली. वाचताना त्याची मांडी एकसारखी हलत होती.

"वहिनी, आरशासमोर तालीम करून आलाय," नणंद कुजबुजली. "पण पाय बघ कसा लटपटतोय."

बोकड पसंत पडला, तसा तो उठून पुन्हा येरझारा घालू लागला. वादळात एकाच छत्रीखाली अडकलेल्या दोन बेडकांचं पुस्तकही त्यानं बाजूला काढलं. तिसऱ्यापाशी गाडी अडली. त्यात पिल्लू-हत्तीला नवा मित्र मिळतो, आणि शेवटच्या पानावर दूर गेलेला जुना मित्र परत येतो.

"हे नको. पहिला मित्र परत यायला नको."

"अहो, मुलांना तेच तर आवडतं."

"म्हणूनच नको. मग ती वाट बघत बसेल."

आता मात्र बाईंचा चेहरा कोरा झाला. मुलीच्या बापाचा असा पुस्तकातूनही काटा काढायला निघालेला माणूस त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांनी हवं तसं पुस्तक शोधून दिलं, पण हातात न देता टेबलावर ठेवलं.

"एक सांगू का? रागावू नका. मुलांच्या मनातून असं कुणाला पुसता येत नाही."

येरझारा थांबल्या. "येत नाही?"

"नाही."

"चार वर्षांच्या मुलांच्याही?"

"चार वर्षांच्या तर नाहीच नाही."

बोलणं लागलं असावं, असं बाईंना वाटलं, आणि बरंच वाटलं. त्या पुस्तकं घेऊन टेबलाशी बसल्या. आत नाव घालून देणं ही दुकानाची पद्धत होती. त्यांनी पहिल्या पानावर ‘आमच्या चिमणीला’ असं वळणदार लिहिलं आणि पेन उचललं.

"कुणाकडून?"

"बाबांकडून."

बाईंनी पेन सरळ खाली ठेवलं. "ते आधी तिनं म्हणू द्यावं, मग लिहावं. ती हाक दुकानात मिळत नाही."

"म्हणते की," तो म्हणाला. "बोलायला लागली तेव्हापासून मलाच म्हणते. तान्ही होती, संस्थेनं आमच्याकडे सांभाळायला दिली, कायमचं घर मिळेपर्यंत. आता मिळालंय. चांगली माणसं आहेत. रविवारी तिला न्यायला येतायत." त्यानं पुस्तकं बाईंच्या बाजूला सरकवली. "ही त्या नव्या, दाढीवाल्या बाबांनी आणली असं तिला वाटायला हवं. म्हणजे जाईल त्यांच्याकडे."

नणंदेनं कात्री खाली ठेवली.

बाईंनी तिन्ही पुस्तकांवर ‘बाबांकडून’ असं लिहिलं. पैसे त्यानं दिले.