बाहेरची शिवण

"घालून दाखव बघू," आजोबा म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. नातीला असं एकदम सांगून चालत नसे. त्यांनी अर्धवट शिवलेला सदरा तिच्या पुढ्यात ठेवला, हात मागे घेतले आणि वाट पाहत बसले.

भिंगरीने एक बाही गालावरून फिरवली. मग दुसरी. आनंदात असली की ही पोर स्वतःभोवती गिरक्या घेई, म्हणून हे नाव. तिने सदरा घातला. सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला होत्या. अंगाला लागत होतं ते नुसतं कापड, धुऊन धुऊन मऊ केलेलं.

नव्या शाळेचा गणवेश होता तो. आधीच्या शाळेत तिने भर वर्गात सदरा काढून भिरकावला होता आणि त्या शाळेने तिला कायमचं घरी पाठवलं होतं. या शाळेच्या बाई म्हणाल्या, रंग तेवढा तोच ठेवा, शिवण कुठूनही असू दे. सोमवारी शाळा होती. फक्त कॉलर लागायची होती.

पँट न्यायला आलेलं गिऱ्हाईक चष्म्यावरून बघत राहिलं. "मास्तर, नजर गेली की काय? उलटा शिवलात!"

"सुलटाच आहे. शिवण टोचलीच तर जगाला टोचू दे. पोरीला कशाला?"

दाराशी उभी असलेली भिंगरीची आई हसली. मास्तरांची ही एकुलती एक लेक. अंगात नेहमीचाच विटलेला सुती कुर्ता.

"आणि हिला बघा," मास्तर गिऱ्हाइकाला म्हणाले. "शिंप्याची लेक, अंगावर पायपुसणं! माझ्या धंद्याची जाहिरात."

हे सगळं शिकायला त्यांना वेळ लागला होता. डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द उच्चारला तेव्हा ते चिडलेच होते. नखरे आहेत, म्हणाले. आमच्या लेकीने नाही केले कधी, जे शिवलं ते मुकाट्याने घातलं. मग हौसेने त्यांनी नातीसाठी लेस लावलेला फ्रॉक शिवला. तो अंगात चढताच तिने आकांत मांडला, भिंतीवर डोकं आपटलं. त्या दुपारी दुकानाचं दार लोटून त्यांनी तो फ्रॉक उलटा केला आणि स्वतःच्या मानेवर घासत बसले. मान लाल झाली तरी घासत होते. संध्याकाळी ते नातीसमोर जमिनीवर बसले. रडू नको म्हणाले नाहीत. काय झालं, हेही विचारलं नाही.

"कुठे टोचतंय?"

तिने बोट ठेवलं. त्यांनी तिथला टाका कापला. पुढे टेपचा हलका स्पर्शही तिला सोसत नाही हे कळलं, तेव्हापासून ते तिच्या जुन्या कपड्यांवरून माप घेऊ लागले. उभ्या जन्मात मी असं माप घेतलं नव्हतं, म्हणायचे, पण बसतं बरोबर.

गिऱ्हाईक गेल्यावर दुकान आवरताना त्यांनी लेकीला विचारलं, "तुझे फ्रॉक आठवतात गं? खळ घातलेले, जाळीच्या गळ्याचे? तुला दुकानाच्या पायरीवर उभी केली की रस्त्यावरचं माणूस थांबायचं. किती आवडायचे तुला!"

ती काहीतरी बोलणार होती. पण त्यांचा खुललेला चेहरा पाहिला.

"हो बाबा," ती म्हणाली. "कॉलर उद्या लावा. उजेड गेलाय."

सकाळी त्यांना जाग आली नाही.

रविवारपर्यंत माणसं भेटायला येत राहिली. मास्तरांच्या बहिणीने कपाटातून एक कोरा कुर्ता काढून भिंगरीच्या आईच्या हातात दिला. मास्तरांनीच लेकीसाठी शिवलेला, कधीच न घातलेला. "चार माणसं येतायत. दादाच्या हातचं घाल गं, आजतरी." तिने घातला. माणसं गळ्यात पडून रडली. तिला रडू आलं नाही.

दुपारी घर रिकामं झालं, तशी ती त्याच कुर्त्यात दुकानात मशीनवर बसली. मशीन चालवता येत होतं. कॉलर कधी लावली नव्हती. उद्या सदरा अंगावर राहिला नाही तर ही शाळाही गेली, आणि आता विचारायला कुणी नव्हतं. तिने कॉलर लावली. भिंगरीने ती गालावरून फिरवली आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवून सदरा परत केला. आईने टाके उसवले, पुन्हा घातले. भिंगरीने सदरा अंगात घातला. काढला नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग टेबल आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत तिने एक गिरकी घेतली. मग आणखी एक.

आईने मशीनवर कपाळ टेकलं. जमलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने पुरता श्वास सोडला. हात मात्र सवयीने मानेकडे गेला.

गिरकी थांबली. भिंगरी त्या हाताकडे बघत होती.

"कुठे टोचतंय?" तिने विचारलं. थेट आजोबांच्या सुरात.

आईने मान खाली घातली आणि बोट ठेवलं. भिंगरीने दोरे कापायची छोटी कात्री घेतली. चार कोपरे, चार टाके. कुर्त्याच्या गळ्यातली दुकानाच्या नावाची पट्टी आईच्या मांडीवर पडली आणि तिच्यावर टपटप पाणी.

समोर खुंटीवर मास्तरांचा टेप लटकत होता. त्याच्याकडे बघत ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, मलाही टोचायचं."