पट्टीतला चमचा

“गवत बघ. इतकं हिरवंगार उगाच नाही उगवत,” पास्को म्हणाला आणि त्याने फावडं टेकवलं.

सायलस ट्रेम्बाथने जमिनीत गज खुपसला, वर काढला, टोकाचा वास घेतला आणि मान हलवली. दोघं खणू लागले.

पहिलं महायुद्ध संपून वर्ष उलटलं होतं. कॉर्नवॉलचे बाकीचे गडी घरी परतून पुन्हा कथिलाच्या खाणीत उतरले होते. हे दोघं मात्र ब्रिटिश लष्कराच्या लेबर कोअरमध्ये, म्हणजे मजूर-तुकडीत, राहून फ्रान्सच्या या शेतांतून आपल्या शिपायांची प्रेतं उकरत होते. नाव कळलं तर नावानिशी पुन्हा पुरायचं. पास्कोला घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. सायलस थांबला होता धाकट्या भावासाठी.

धाकटा जोरी एका सकाळी दाट धुक्यात पुढच्या चौकीला निरोप घेऊन निघाला. चौकीवर तो पोचलाच नाही. आघाडीमागच्या गावातल्या फ्रेंच पोरीसाठी पळाला, असं लोक बोलले. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? गावी आई आता प्रार्थनेला शेवटच्या बाकावर बसे, तीही मान खाली घालून. ती मान वर व्हावी, एवढंच सायलसला हवं होतं.

“चमचा जपून काढ हं,” सायलस म्हणाला. “तुझा हात लागला की चमचे गायब होतात.”

“झालं सुरू!”

गळ्यातला नाव-नंबराचा पुठ्ठ्याचा बिल्ला मातीत कुजून जाई, चमचा टिके. शिपाई तो पायाला गुंडाळलेल्या कापडी पट्टीत खोचत आणि त्यावर आपला नंबर ठोकत. कित्येकांना नाव मिळालं ते चमच्यामुळेच. सायलसचा स्वतःचा चमचा मात्र जोरी गेला त्याच सकाळी नाहीसा झाला होता. दोघा भावांनी एका डब्यात खाल्लं, जोरी घाईने उठून गेला, आणि नंतर बघतो तर चमचा नाही. शेजारी पास्को बसलेला. तेव्हापासून पास्को चमचाचोर ठरला तो ठरलाच.

“आईची शपथ घेतली होती मी तुझ्यासमोर.”

“चोर तो चोर, वर शिरजोर.”

हाडं लागली तशी दोघांची थट्टा थांबली. जागा आपल्या चौकीच्या बरीच पुढे होती, जर्मनांच्या काटेरी तारांना लागून.

“इतक्या पुढे कोण आलं असेल रे?” पास्को म्हणाला.

“कुणी का असेना, पळपुटा नव्हता,” सायलस म्हणाला. त्याला त्या अनोळखी माणसाच्या आईचा हेवा वाटला.

पास्कोने पट्टी सोडवली. चमचा निघाला. अंगठ्याने माती पुसून त्याने नंबर वाचला, पुन्हा वाचला.

“कुणाचा?” सायलसने विचारलं.

पास्कोने चमचा त्याच्या हातात ठेवला.

“तुझा,” तो म्हणाला. “मी नव्हता घेतला, गड्या.”